अर्जदार क्रमांक दोनतर्फे

घटस्फोट घेतो म्हटलं की लोक ‘का घेतोयस’ ते विचारतात, ‘कुणाबरोबर’ ते विचारत नाहीत. माझ्या बाबतीत विचारायला हवं होतं. मी माझा घटस्फोट सासऱ्यांबरोबर घेतला. अर्जावर आम्ही शेजारी शेजारी सह्या केल्या, समुपदेशक बाईंसमोर एका बाकावर बसलो, पुकारा झाला तेव्हा जोडीने उभे राहिलो. माझी बायको यातला बराच वेळ कॅलिफोर्नियात गाढ झोपली होती.

आमचं लग्न २०१४ चं. शनिवार पेठेतलं कार्यालय, सकाळचा मुहूर्त, पंगतीत जिलबी आणि मठ्ठा. म्हणजे अर्जाच्या भाषेत ‘हिंदू वैदिक पद्धतीने’. २०१८ मध्ये तिला कॅलिफोर्नियात सनीवेलला नोकरी लागली आणि तिच्या एच-वन व्हिसाच्या मागोमाग मी एच-फोरवर गेलो. एच-फोरवाल्या नवऱ्याने तिथे राहावं, खावं, कचऱ्याचे डबे ठरल्या वारी रस्त्यावर नेऊन ठेवावेत, फक्त कमवायचं नाव काढू नये. पुण्यात मी एका विमा कार्यालयाच्या दावे विभागात आहे. लोकांचे अर्ज ‘नाव जुळत नाही’, ‘सही जुळत नाही’ असे शेरे मारून परत पाठवणं, यावर माझं पोट चालतं. तिथून बिनपगारी रजा काढून मी गेलो होतो. सनीवेलमध्ये परत पाठवण्यासारखं काही नव्हतं. मी डिशवॉशरमध्ये भांडी लावायचो, ती कामावरून आली की ती सगळी काढून पुन्हा लावायची, आणि त्यात आमची संध्याकाळ सरायची.

फेब्रुवारी २०२० मध्ये रजेचं काहीतरी मार्गी लावायला म्हणून तीन आठवड्यांसाठी मी पुण्यात आलो. मार्चमध्ये विमानं बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली तोवर सनीवेलमध्ये भांडी एकदाच लागत होती, कोथरूडमध्ये ती सिंकमध्येच राहत होती, आणि दोन्ही घरांत शांतता होती. भांडण असं कधी झालंच नाही. निदान एखादं तरी करून ठेवायला हवं होतं, असं पुढे फार वाटलं. प्रत्येक कार्यालयात तेच आधी विचारतात. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, “आपण हे कागदोपत्री करून टाकू या का?” मी म्हणालो, “हो की. दोघांचीही हरकत नाही म्हटल्यावर महिन्याभरात होईल.” ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना ‘एक कागद कमी आहे’ असं सांगितलं, त्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नव्हतं.

ऑफिसात ही बातमी चहाच्या वेळेला फुटली आणि सल्ले सुरू झाले. पहिला सल्ला असा, की तिकडेच घेऊन टाक, तिकडे पटकन होतं. हे खोटं नाही. कॅलिफोर्नियात चूक कुणाची हे विचारतच नाहीत; मतभेद मिटण्यापलीकडचे आहेत एवढं म्हटलं की पुरतं. दोष न दाखवता घटस्फोट देणारा कायदा अमेरिकेत सगळ्यांत आधी त्याच राज्याने केला. १९६९ साली त्यावर सही केली ती तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी, आणि ते स्वतः घटस्फोटित होते, म्हणजे सही करणाऱ्याला विषयाची माहिती होती. नोटीस बजावल्यापासून सहा महिने थांबायचं, की मोकळे.

मी ही माहिती घेऊन उत्साहाने वकील मॅडमकडे गेलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“छान. आणि तो हुकूमनामा इथे आणून त्याचं काय करणार? फ्रेम?”

मग त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा एक निकाल सांगितला. त्याचा मथितार्थ असा की लग्न ज्या कायद्याखाली लागलं, त्याच कायद्यातल्या कारणावर आणि त्याच कायद्याने अधिकार दिलेल्या कोर्टात ते मोडलं, तर ते भारतात मोडलं. मतभेद हे आपल्या हिंदू विवाह कायद्यात कारणच नाही.

“मग काय आहे?”

“क्रूरता आहे. व्यभिचार, दोन वर्षं त्याग, धर्मांतर. सात वर्षं जिवंत असल्याची खबर नसणं आहे. यातलं तुमच्याकडे काय आहे?”

मी प्रामाणिकपणे विचार केला. डिशवॉशरवर क्रूरता सिद्ध झाली नसती. बाकीच्यांतलं काहीच नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉल होत असल्यामुळे मी जिवंत असल्याची खबर तिला वेळोवेळी मिळत होती.

“समोरच्याने आपणहून संमती दिली तर अपवाद आहे,” मॅडम म्हणाल्या, “पण अपवादाच्या भरवशावर लग्न मोडू नये. उद्या तुमच्या फ्लॅटचे कागद करताना कोणी वाद काढला, तर तुम्ही सनीवेलमध्ये सुटे आणि कोथरूडमध्ये विवाहित.”

वास्तविक मी राहायलाच कोथरूडमध्ये असल्यामुळे सुटं राहायला सनीवेलला जावं लागलं असतं. तो व्हिसा मला कोण देणार?

दुसरा सल्ला आमच्या आवक-जावक विभागाचा. “कलम नऊ लाव. नांदायला येण्याचा दावा. नोटीस गेली की घाबरून येते बघ.” ज्या बाईने अमेरिकन व्हिसाच्या रांगा, तीन ले-ऑफ आणि माझी आई यांना तोंड दिलं, ती पुण्याच्या नोटिशीला घाबरणार होती. शिवाय या दाव्याचा आपल्याकडचा इतिहास नवऱ्यांना उत्साह यावा असा नाही. १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईंवर हाच दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने त्यांना सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैदेत. त्या म्हणाल्या, कैद चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर मिटलं. रखमाबाई विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन आल्या. दादाजी कायद्याच्या पुस्तकात राहिला. मला त्याच्या शेजारची जागा नको होती.

उरलं ते कलम तेरा-ब, परस्परसंमती. १९५५ च्या मूळ कायद्यात हे नव्हतंच. १९७६ च्या दुरुस्तीने आलं. म्हणजे पहिली एकवीस वर्षं दोघांचं एकमत झालं तर वेगळं होता येत नव्हतं, त्यासाठी कुणीतरी वाईट वागणं भाग होतं. आता वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, दोघांनी मिळून अर्ज करावा, मग सहा महिन्यांनी पुन्हा येऊन ‘विचार बदललेला नाही’ म्हणून सांगावं. लग्न पुण्यात लागलेलं, तेव्हा अर्ज पुण्यात चालत होता. फक्त दोघांपैकी एक माणूस तेरा हजार किलोमीटरवर होता.

“त्यांना कुलमुखत्यारपत्र देऊ दे,” मॅडम म्हणाल्या. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात मुखत्यारामार्फत अर्ज आणि स्काइपवरून संमती मान्य केली होती. “विश्वासातलं कोणी आहे का पुण्यात त्यांचं?”

विश्वासातले म्हणजे तिचे बाबा. कर्वेनगरला राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. विजेच्या बिलालासुद्धा त्यांच्याकडे नस्ती असते, नस्तीला अनुक्रमणिका असते. मुखत्यारपदाची कल्पना त्यांना फार आवडली. मला फोन करून म्हणाले, “जावईबापू, मी हिच्या बाजूने असलो तरी पूर्णपणे तटस्थ राहीन.” आणि लगेच, “तुमच्या आधारची झेरॉक्स दोन्ही बाजूंनी काढा. एका बाजूची चालत नाही.”

तिकडे तिने एक स्प्रेडशीट उघडली. कामं डावीकडे; पुढे तीन रकाने: मी, तू, बाबा. झालेलं काम हिरवं, राहिलेलं लाल. तिचा रकाना दोन दिवसांत कुरणासारखा झाला. बाबा रोज सकाळी सात वाजता उघडून आपला बघत. माझा रकाना बघून दोघंही काही बोलत नसत, हे जास्त लागायचं.

पहिलं लाल काम म्हणजे तिचं नाव. पासपोर्टवर तिचं माहेरचं नाव. पत्रिकेवर तेच, पण घरातल्या हाकेच्या नावासकट. आणि फ्लॅटच्या करारावर, आधारवर तिसरंच; कारण लग्नात माझ्या आजीच्या हट्टाखातर मी ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं. मग व्हिसासाठी घाईघाईने काढलेल्या विवाहाच्या दाखल्यावर कारकुनाने या तिन्हींतलं थोडं थोडं घेतलं होतं. अर्जात या सगळ्या बाया एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र लागलं. उर्फ, उर्फ, उर्फ. हा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी चहा पिऊन, चष्मा पुसून, लाल शाईने परत पाठवला असता.

“ते तांदूळ तर दुसऱ्या दिवशी भातात गेले ना?” ती व्हिडिओवरून म्हणाली. “मग नाव कशाला ठेवून घेतलंत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांकडे होतं. “नाव मी ठेवलं, बारशाला. ते पहिलं. बाकीची तुमची.”

नावांचा असा गोंधळ म्हणून मॅडमनी पत्रिकेबरोबर लग्नाचा फोटोही मागितला: दोघांचे चेहरे स्पष्ट हवेत. आमचा छायाचित्रकार कलावंत होता. अल्बममध्ये समईची ज्योत आहे, अक्षता उडताना आहेत, मेंदीचा हात आहे, जिलबीचं ताट वरून घेतलेलं आहे. आम्ही दोघं आहोत त्यात मध्ये अंतरपाट आहे. मंगलाष्टकांच्या त्या फोटोत माझ्या मुंडावळ्या आणि मामांचा कोपर, पलीकडे तिच्या शालूचा काठ. कोणतंही कोर्ट हा विवाहाचा पुरावा मानून वर लगेच घटस्फोट देईल असा. दोघांचे चेहरे स्पष्ट असलेला एकच निघाला, कन्यादानाचा. त्यात तिच्या आणि माझ्या ओंजळीवर बाबा पाणी सोडताहेत, आणि सगळ्यांत स्पष्ट तेच आले आहेत.

बाबांनी तो भिंगाखाली बघितला. “म्हणजे दान मीच केलं आणि मुखत्यार म्हणून परतही मीच घेतोय.”

“बाबा, मी काय कपाट आहे का?” सनीवेलहून आवाज आला.

तो फोटो यादीत गेला.

मुखत्यारपत्र तिकडे नोटरीसमोर करायचं होतं. कॅलिफोर्नियाची नोटरी हे प्रकरण मला फार आवडलं. तिच्या शिक्क्याच्या वर चौकटीत छापलेलंच असतं, की मी फक्त सही करणाऱ्याची ओळख पटवली आहे. मजकूर खरा की खोटा याच्याशी माझा संबंध नाही. आपल्याकडच्या कित्येकांना ही चौकट कपाळावर छापून घेता येईल. आणि कागद मुखत्यारपत्राचा असेल तर नोटरीच्या वहीत उजव्या अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो. बाबांना हे कळल्यावर ते गप्पच झाले. त्यांच्या आजीने रात्रीच्या वर्गात सही शिकली होती. त्यानंतर घराण्यात अंगठा उठवणारी पहिली व्यक्ती ही डेटा इंजिनीअर.

मग तो कागद सॅक्रामेंटोला गेला, तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात, अपोस्टिलसाठी. हेगला १९६१ साली झालेल्या करारातला हा शिक्का. भारतात तो २००५ पासून चालतो. त्याआधी असे कागद वकिलातीतून फिरवून आणावे लागत. अपोस्टिलचं शीर्षक जगभर फ्रेंचमध्येच असतं, नियमच तसा आहे. त्यामुळे एका मराठी जोडप्याच्या इंग्रजी कागदावर फ्रेंच शीर्षक आणि वर कॅलिफोर्नियाची सोनेरी मोहोर, असा तो दिमाखदार ऐवज कुरिअरने कर्वेनगरला उतरला. पत्ता बाबांचा होता. तिथेच घात झाला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाजात कर्तव्यपूर्ती. “कागद आला. पावसाळा तोंडावर आहे. मी लॅमिनेट करून घेतला.”

मी स्कूटर काढून तसाच गेलो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने काम मन लावून केलं होतं. सगळी पानं सुटी करून, प्रत्येकाला जाड प्लास्टिक, कडा गोल कापलेल्या. सॅक्रामेंटोने मारलेली पिन बाबांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, वर चिठ्ठी: ‘मूळ पिन’.

दाव्यांच्या खात्यात राहून मला काही गोष्टी कळतात. अपोस्टिलची पिन काढली की कोणतं पान कशाला जोडलेलं होतं याचा पुरावा संपतो. आणि परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, त्याचा शिक्का कागदावर उमटावा लागतो. प्लास्टिकवर शाई फिसकटते. मी तरीही घरी नेऊन केस वाळवायच्या मशीनची गरम हवा मारून ते सोलून बघितलं. कॅलिफोर्नियाची मोहोर प्लास्टिकबरोबर सोलून आली. उरलेल्या कागदावर फ्रेंच शीर्षक तेवढं शाबूत.

तिला सांगायचं कोणी, यावर आमची सासरे-जावयांची पहिली गंभीर चर्चा झाली. शेवटी मी कॉल केला आणि बाबा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसले. ती एवढंच म्हणाली, “पिन पण काढली?” स्प्रेडशीटमध्ये बाबांच्या रकान्यात पहिलं लाल घर आलं. ते बघून मला झालेला आनंद मी कुठल्याही प्रतिज्ञापत्रावर लिहून देणार नाही. ती पुन्हा नोटरीकडे गेली, पुन्हा अंगठा, पुन्हा सॅक्रामेंटो. दुसरा कागद माझ्या पत्त्यावर आला.

या सगळ्यात जुलै उजाडला आणि २०२३ साली श्रावण अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारसे देतात. सासूबाईंपुढे प्रश्न पडला. घरात त्यावर दोन दिवस काथ्याकूट झाला, आणि शेवटी बाबांनी वकील मॅडमना फोन केला. मॅडमना वाटलं मुद्रांकाचं काही असेल.

“हुकूमनामा होईपर्यंत विवाह कायद्याने अस्तित्वात असतो,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे जावई?”

“जावई.”

“पूर्ण तेहेतीस?”

मॅडमनी पंचवीस वर्षांच्या वकिलीत हे कधी ऐकलं नव्हतं, पण त्या म्हणाल्या, प्रमाणात कमी करायची तरतूद माझ्या वाचनात नाही.

समुपदेशकांसमोर जायची तारीख नेमकी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लागली. त्याच महिन्याच्या एक तारखेला मेट्रो सिव्हिल कोर्टापर्यंत सुरू झाली होती, तेव्हा बाबांनी फर्मान काढलं: मेट्रोने जायचं. डब्यात निम्मं पुणे मुलाबाळांसह नदी बघायला आलेलं. कुणी खांबाला धरून फोटो काढत होतं, कुणी पुढचं स्टेशन कोणतं ते घोषणेच्या आधी सांगत होतं. माझ्या मांडीवर अर्जाची नस्ती, बाबांच्या मांडीवर अनारशांचा डबा. समोरच्या आजोबांनी विचारलं, “कुठे, मुलाला मेट्रो दाखवायला?”

“घटस्फोटाला,” बाबा म्हणाले.

“अरेरे. कुणाच्या?”

“आमच्या.”

आजोबा पुढच्या स्टेशनला डबा बदलून गेले. सिव्हिल कोर्टाला मेट्रोच्या दोन्ही मार्गिका एकमेकींना भेटतात, एक उन्नत आणि एक जमिनीखालून. आणि बरोबर तिथे उतरून माणसं वेगळी व्हायला जातात. स्टेशनची जागा ठरवणाऱ्याचं मला कौतुक वाटलं.

समुपदेशक बाई चांगल्या होत्या. त्यांनी आधी तिच्याशी व्हिडिओवर एकांतात बोलून घेतलं, सकाळी लवकर, म्हणजे तिच्या आदल्या दिवशीच्या रात्री. तोवर आम्ही बाहेर बाकावर. आजूबाजूला खरी दुःखं बसलेली होती. एक बाई लहान मुलीची वेणी घालत होती आणि दोन बाकं सोडून बसलेल्या नवऱ्याकडे एकदाही बघत नव्हती. आम्ही दोघं तिथे शोभत नव्हतो. बाबांनी डबा उघडून एक अनारसा मला दिला. खसखस नस्तीवर सांडली आणि अर्जाच्या चौथ्या पानावर, ‘उभयतांमध्ये समेटाची शक्यता उरलेली नाही’ या ओळीच्या बरोबर खाली, तुपाचा गोल डाग पडला. तो अजून रेकॉर्डला आहे.

आत गेल्यावर बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “भांडण कशावरून झालं?”

“झालं नाही.”

“मारहाण, पैसा, सासरचा त्रास?”

सासरचा त्रास म्हटल्यावर माझी नजर अभावितपणे शेजारी गेली. बाबा ताठ बसले. “यांना आमच्याकडून काही त्रास नाही,” ते म्हणाले, “लॅमिनेशन वगळता.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग प्रथेप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारला, दोघांकडे आळीपाळीने बघत, कारण बघायला दोघंच होतो. “पुन्हा एकत्र राहण्याची काही शक्यता वाटते का?”

मी घसा खाकरला, तेवढ्यात बाबा म्हणाले, “मला चालेल.”

खोलीत बराच वेळ पंख्याचा आवाज येत होता. नंतर त्यांनी खुलासा केला की कर्वेनगरची वरची खोली रिकामीच आहे, त्या अर्थाने ते बोलले. समुपदेशक बाईंनी अहवालात काय लिहिलं ते मी बघितलं नाही. तिला मात्र तो किस्सा त्याच रात्री पोचला. तिचा निरोप आला: ‘तुम्हा दोघांचं एवढं जमतंय तर मी मध्ये नको.’

सहा महिने थांबण्याबद्दल मॅडमनी सांगितलं की सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ही मुदत सक्तीची नाही असं ठरवलंय. दीड वर्षाहून जास्त वेगळं राहणं झालेलं असलं, देणंघेणं मिटलेलं असलं, समेटाचे प्रयत्न फसलेले असले तर कोर्ट ती माफ करू शकतं. आमचं वेगळं राहणं साडेतीन वर्षांचं, देणंघेणं एका फ्लॅटचं आणि मिक्सरचं, ते मिटलेलं. माफीचा अर्ज केला. त्यावर तारीख, मग त्यावर म्हणणं, मग दिवाळीची सुट्टी. सहा महिन्यांतले निम्म्याहून जास्त, ते वाचवण्यातच खर्ची पडले. पण २४ नोव्हेंबर ही तारीख पक्की झाली, सकाळी अकरा, ती व्हिडिओवर.

तिला वेळ कळवायची जबाबदारी माझी. हा रकाना मी स्वतः मागून घेतला होता. माझ्या फ्रीजवर ‘साडेबारा तास’ अशी चिठ्ठी कधीची चिकटवलेली. अकरातून साडेबारा वजा, म्हणजे तिचे आदल्या रात्रीचे साडेदहा. कळवून टाकलं आणि घर हिरवं केलं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात आणि अंतर साडेतेरा होतं, ही गोष्ट तिथे राहून आलेल्या माणसाने विसरू नये. मी विसरलो. अकरा वाजता कोर्टात बसल्यावर तिचा निरोप आला, ‘अजून एक तास आहे ना?’ आणि माझ्या पोटात गोळा आला.

त्यात आदली रात्र म्हणजे तिकडे थँक्सगिव्हिंगची. ती फ्रीमाँटला मैत्रिणीकडे जेवायला गेलेली. बाबांना सांगायची सोय नव्हती. ते नस्तीला नवी अनुक्रमणिका लावून बसले होते. मी बोर्डाकडे बघत बसलो. नशीब एवढंच की आमच्या आधीचं पोटगीचं प्रकरण लांबलं. मग अजून लांबलं. ठीक बारा वाजता आमचा पुकारा झाला आणि त्याच क्षणी पडद्यावर ती दिसली, आपल्या मते एक मिनिटही न चुकता. नंतर ती म्हणालीसुद्धा, की तुझं वेळेचं गणित पहिल्यांदा बरोबर आलं. मी ते खोडून काढलं नाही. अजूनही नाही.

सुनावणी बंद दाराआड, म्हणजे तिच्याही बाजूला कोणी नको. म्हणून ती मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये बसली होती, मागे सायकली आणि टिश्यू पेपरचे वर्षभराचे गठ्ठे. तिथला दिवा हालचालीवर चालणारा. माणूस स्थिर बसला की अर्ध्या मिनिटात अंधार.

“अर्जदार क्रमांक दोन,” न्यायाधीशांनी म्हटलं.

बाबा उभे राहिले.

“तुम्ही बसा. त्या आहेत.”

इतक्या महिन्यांच्या सेवेनंतर हे ऐकणं सोपं नव्हतं. बाबा बसले, पण अर्धेच.

“ही संमती तुम्ही स्वेच्छेने देत आहात?” दिवा गेला. पडद्यावर काळोख, आणि काळोखातून “हो”. मग ती दिवा लागावा म्हणून दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवायला लागली.

“तुम्ही हात का हलवताय? कोणी आहे का तिथे?”

“नाही, लाइटसाठी.”

“कोणाचा दबाव?”

“नाही. सेन्सर.”

लेखनिकाने मान वर करून ‘सेन्सर’ लिहायचं का, असं नजरेने विचारलं. न्यायाधीशांनी नजरेनेच नको म्हटलं. पुढचे सगळे प्रश्न ती हात हलवत ऐकत होती: विचार बदलला का, नाही, पोटगीचा दावा, नाही, काही सांगायचंय, नाही. दोन्ही हात हवेत नाचवत कुणी इतक्या शांतपणे घटस्फोट दिला नसेल. माझी पाळी आली तेव्हा मीही, कारण नसताना, हात थोडे वर केले. पुरसीस दाखल झाली, अर्ज मंजूर झाला. तिकडून कुणीतरी गॅरेजचं दार ठोठावून पम्पकिन पाय संपत चाललाय असं सांगितलं. ती गेली.

हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती निघाल्यावर तिने तिच्या ग्रीन कार्डच्या कागदांसाठी एक मागितली. बाबा म्हणाले, नुसती कशी पाठवायची, इकडचंही अपोस्टिल करू. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा. मंत्रालयात जावं लागणार. मी ‘एजंटकडे देऊ’ म्हणेपर्यंत त्यांनी डेक्कन क्वीनची दोन तिकिटं काढली होती. सकाळी सव्वासातची गाडी. शेजारी शेजारी. खंडाळ्यापर्यंत आम्ही फार बोललो नाही. मग ते म्हणाले, या गाडीला स्वतंत्र डायनिंग कार आहे, उठा. तिथे टेबलाशी बसून ऑम्लेट-टोस्ट खाताना त्यांनी मला भातसा धरणाचं सगळं नियोजन समजावून सांगितलं.

शिक्के झाले. प्रत कुरिअरने गेली. या खेपेला पिनेला कुणी हात लावला नाही. आठवड्याने तिचा कॉल आला. कुरिअर मिळालं होतं.

“पण हे अपोस्टिल कशाला केलंत? इथे नुसती सर्टिफाइड कॉपी चालते. मी लिहिलं होतं शीटमध्ये.”

मी बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडे. आम्ही तेव्हा त्यांच्या कर्वेनगरच्या गच्चीत पाण्याच्या टाकीचा बॉलकॉक बदलत होतो.

“काही बिघडलं नाही,” ते म्हणाले, “ऑम्लेट गरम होतं. पुढच्या वेळी चीज टोस्ट घेऊ.”